ठाण्यात कॅनडाची वाईन मिळते का? नाहीतर लेकीला काय आणायला सांगू?

पाचपाखाडीकर:

मंडळी, प्रश्न जरा चैनीचा आहे, हे आधीच सांगतो.

मुलगी ओंटारियोत हॅमिल्टनला असते. डिसेंबरात जावईबापूंसह येतेय आणि फोनवर रोज एकच, "बाबा, काय आणू?" मागच्या खेपेला मेपल सिरप आणलं होतं. आमच्या हिने ते घावनाला लावून बघितलं, थालीपिठाला लावून बघितलं आणि शेवटी शेजाऱ्यांना देऊन टाकलं. या वेळी मी म्हटलं, वाईन आण. तर लेक म्हणाली, "कॅनडाची? ती कोण पितं, बाबा?" तिथे राहणारी मुलगीच असं म्हणते म्हटल्यावर मला ती प्यायलाच हवी असं वाटायला लागलं.

वाईनशी माझी ओळख नाशिकपुरती. शेनिन ब्लांक आवडते, शिराझ चालते. शनिवारी सोसायटीतले आम्ही चौघे गच्चीवर बसतो, तेव्हा कोणीतरी चिलीची किंवा ऑस्ट्रेलियाची बाटली काढतो. कॅनडाची आजवर कोणाच्या हातात दिसली नाही. म्हटलं, आधी इथेच शोधावी. गोखले रोडपासून सुरुवात केली, मग राम मारुती रोड, वर्तकनगर, आणि एका दुपारी घोडबंदर रोडने थेट हिरानंदानीपर्यंत जाऊन आलो. एकाने "कॅनडा ना, आहे की" म्हणत व्हिस्की पुढे केली. दुसऱ्याने आतून पोर्ट वाईन आणली, तिच्यावर गोवा लिहिलेलं. तिसऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, ऑस्ट्रेलिया घ्या, चालते."

तर जाणकारांनी सांगावं, ठाणे, नवी मुंबई, अगदी पवई-दादरपर्यंत ही वाईन कुठे मिळते का? आणि मुळात दर्जा कसा? गच्चीवरचे आमचे एक मित्र (वय ७०, सगळ्यातलं सगळं कळतं) म्हणतात की जिथे नळाचं पाणी गोठतं तिथे द्राक्षं कुठली यायला, बाहेरून आणून बाटल्या भरत असतील. आइसवाईन नावाचं काहीतरी असतं म्हणे, पण एवढीशी बाटली आणि एवढी किंमत ऐकून हिची भुवई वर गेली आहे. सामानातून किती आणता येते तेही सांगा. विमानतळावर जावयाची शोभा नको.

घोडबंदरी:

आइसवाईनच सांगा. साडूने आणली होती. गोड म्हणजे भयंकर गोड, आईने आणि बायकोने आनंदाने संपवली, मला दुसरा घोट जाईना. बाकी कॅनडाची वाईन असते हे आत्ता तुमच्या धाग्यामुळेच कळलं.

अवांतर: घोडबंदर रोडला दुपारी स्वखुशीने गेलात? सलाम.

खाडीपलीकडची:

पाचपाखाडीकर काका, दुकानं फिरणं आता बंद करा. मी नेरूळला राहते. नेरूळ, सीवूड्स, वाशी आणि पवई इथली मोठी दुकानं मी स्वतः धुंडाळली आहेत. इटली, फ्रान्स, चिली, दक्षिण आफ्रिका, सगळे भेटले. कॅनडा नाही.

का नाही, त्याचा हिशेब सोपा आहे. आयात वाईनवर आपल्याकडे १५० टक्के कर बसतो, ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी उपकर. म्हणजे मुंबईच्या बंदरात १००० रुपयांना पोचलेली बाटली गोदीतून बाहेर पडतानाच २५०० ची होते. त्यावर राज्याचा कर, लेबलची राज्यागणिक वेगळी नोंदणी, आयातदार, वितरक, दुकानदार. ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या डिसेंबरात करार लागू झाला, त्यात बाटली बंदरात ५ डॉलरच्या वर पडत असेल तर कर कमी लागतो, १५ डॉलरच्या वर आणखी कमी. तुमच्या दुकानदाराचं "ऑस्ट्रेलिया घ्या" उगाच नव्हतं. कॅनडाशी असं काही नाही. अशात ठाण्यात कोणी नाव न ऐकलेली चार हजारांची बाटली मांडून कोण बसेल?

आणि पाठवायला त्यांच्याकडे आहे कुठे? जगाच्या मानाने त्यांचं उत्पादन चिमूटभर. ते घरीच संपतं, वर कॅनडात प्यायली जाणारी बहुतेक वाईन बाहेरूनच येते. बाहेर जे नावारूपाला आलंय ते मुख्यतः आइसवाईन. तेव्हा लेक म्हणाली ते तिच्या आजूबाजूचं बघूनच म्हणाली असणार. पण दर्जाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते जरा लांबण लावून सांगणार आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं सेंट कॅथरिन्सला होतो, हॅमिल्टनपासून गाडीने पाऊण तास. शनिवार-रविवार मी तिथल्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करायचे. नाव सांगत नाही, जाहिरात नको. आलेल्यांना थोडी थोडी ओतून द्यायची, चार वाक्यं बोलायची, संध्याकाळी ग्लास पुसायचे. ग्लासावर कापडाचा एक धागा राहिला तर मालकीणबाई परत पुसायला लावायच्या.

तुमच्या गच्चीवरच्या मित्रांचं अर्धं म्हणणं खरं आहे, हे त्यांना सांगू नका. तिथल्या सरकारी दुकानात, म्हणजे एलसीबीओत, स्वस्त फळीवर ज्या 'कॅनेडियन' दिसणाऱ्या बाटल्या असतात त्यातल्या बऱ्याचशा खरंच बाहेरून टँकरभर आणलेली वाईन घरच्या वाईनमध्ये मिसळून केलेल्या असतात. पूर्वी त्यांच्यावर 'सेलर्ड इन कॅनडा' असं लिहायचे, आता 'इंटरनॅशनल ब्लेंड' वगैरे लिहितात, तेही मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. पुढच्या लेबलवर मेपलचं पान, तळं, हरीण, काय वाटेल ते. लोक तीच पितात आणि म्हणतात, आमची वाईन काही खास नाही.

म्हणून लेकीला एकच अक्षरसमूह पाठ करायला सांगा: व्हीक्यूए. १९८८ साली ओंटारियोतल्या वायनरींनी स्वतःहून ही पद्धत सुरू केली आणि १९९९ मध्ये तिचा कायदा झाला. हा शिक्का असेल तर द्राक्षं शंभर टक्के ओंटारियोची. खाली नायगारा पेनिन्सुला लिहिलं असेल तर त्या पट्ट्यातली.

आता द्राक्षं येतात कशी. नायगारा साधारण ४३ अक्षांशावर आहे, म्हणजे इटलीच्या टस्कनीच्या रांगेत. उन्हाळा चांगला तापतो, घामाच्या धारा लागतात, ठाण्याची आठवण येते. प्रश्न हिवाळ्याचा. तिथे एका बाजूला लेक ओंटारियो, दुसऱ्या बाजूला एस्कार्पमेंट म्हणतात तो लांबच लांब कडा, आणि मधल्या पट्टीत बागा. तळं इतकं खोल की सहसा पूर्ण गोठत नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब थंडीत सोडतं आणि वसंतात उलट गार राहून वेलींना लवकर फुटू देत नाही, त्यामुळे उशिराच्या दहिवरातून कोंब वाचतात. तरी भीती असतेच. मळ्यात उंच खांबांवर मोठे पंखे लावलेले असतात, वरची उबदार हवा खाली ढकलायला. ते रात्री सुरू झाले की आसपासची घरं जागी. आणखी पूर्वेला प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे, तिथे तर शरदात वेलींच्या फांद्या खाली वाकवून मातीखाली गाडतात आणि वसंतात उकरून काढतात. एवढा खटाटोप करून जी वाईन करतात ती चिलीच्या भावात कशी मिळेल?

पूर्वीची कीर्ती वाईट होती हे मात्र खरं. सत्तरच्या दशकात तिथे लाब्रुस्का जातीच्या द्राक्षांची गोडसर, फसफसणारी वाईन खपायची, बेबी डक नावाची तर फार. टेस्टिंग रूममध्ये येणारे म्हातारे तिचं नाव काढून हसायचे. १९८८ मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला आणि कळून चुकलं की कॅलिफोर्नियापुढे हे टिकणार नाही. मग सरकारने पैसे देऊन शेतकऱ्यांना जुने वेल उपटायला लावले आणि रिस्लिंग, शार्डने, काबर्ने फ्रांक अशा युरोपी जातींची लागवड वाढली. म्हणजे तुम्ही जिला कॅनडाची वाईन म्हणाल तिचं वय फार तर चाळीस वर्षं.

माझं मत विचाराल तर आणण्यासारखी वस्तू म्हणजे नायगाराची कोरडी रिस्लिंग. तिच्यात आंबटपणाची जी धार असते ती मला नाशिकच्या कुठल्याच पांढऱ्या वाईनमध्ये सापडली नाही. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, थोडं ओल्या दगडाचं काहीतरी. तळलेल्या बोंबलाबरोबर घेऊन बघा. सुरमईच्या तुकडीवर कोकमाचं आगळ लावलेलं असेल तर त्याहून बरं. आमच्याकडे ती नेरूळच्या कोळणीकडच्या कोळंबीबरोबर संपली आणि पाहुणे भारतात कुठे मिळते ते विचारत बसले.

लालमध्ये काबर्ने फ्रांक. ती तिथे पिकते, पूर्ण पिकते, आणि थोडी गार करून पिता येते, आपल्या हवेत हे महत्त्वाचं. मटणाच्या सुक्याला झेपते. काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो यांच्या वाटेला सहसा जाऊ नका. ज्या वर्षी उन्हाळा कमी तापतो त्या वर्षी त्या कच्च्या लागतात, ढोबळ्या मिरचीचा वास येतो. टेस्टिंग रूममध्ये आम्ही त्या खपवायचो, पण घरी कोणी नेत नव्हतं.

निफाडचा भाचा:

ताई, प्रतिसाद वाचनीय. तरी मी ऐरोलीत बसून नाशिकची बाजू घेणार, मामाची बाग आहे.

एक तर डिसेंबरात लेक-जावयाला सामानाच्या वजनात काच वाहायला लावायची आणि इकडे दोन-तीन तासांवर वायनरी आहेत तिकडे बघायचं नाही. गोड हवी असेल तर सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन आहे. इगतपुरीकडे व्हॅलोनेची वां द पास्रियाज आहे, द्राक्षं सुकवून केलेली, मी ती परदेशी पाहुण्यांना पाजून चकित केलंय. किंमत आइसवाईनच्या पासंगालाही लागत नाही, आणि वरून १५० टक्के नाही.

दुसरं म्हणजे थंडी. निफाडला पारा चार-पाचवर उतरला की मामा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतो, मणी तडकू नयेत म्हणून. आणि तिकडची मंडळी आइसवाईनसाठी मुद्दाम द्राक्षं गोठायची वाट बघतात! हे शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यात बसत नाही. उरलेला माल खपवायची ही युक्ती नाही कशावरून?

खाडीपलीकडची:

भाचेबुवा, पास्रियाजबद्दल शंभर टक्के सहमत, माझ्या फ्रिजमध्ये आत्ता आहे. पण ती आणि आइसवाईन एकमेकींच्या जागी चालणाऱ्या नाहीत. सुकवलेल्या द्राक्षात मनुकेचा वास येतो. गोठलेल्यात येत नाही, तिथे फळ ताजं राहतं आणि आंबटपणाही दाटतो. तो आंबटपणा नसता तर घोडबंदरींना पहिला घोटही गेला नसता.

उरलेला माल म्हणता, तर ऐका. आइसवाईनसाठी राखलेल्या ओळींवर शरदातच जाळी चढवतात, नाहीतर पक्षी एका दिवसात फडशा पाडतात. मग डिसेंबर, कधी जानेवारी, क्वचित त्याहून पुढे थांबायचं. नियम असा की तापमान उणे ८ किंवा त्याखाली असतानाच तोडायचं आणि रसातली साखर किमान ३५ ब्रिक्स हवी. तुमच्या मामांना विचारा, वाईनची द्राक्षं साधारण किती ब्रिक्सला तोडतात. २२-२४ म्हणतील. मधल्या काळात पाऊस, कुजणं, वारा, गळती. एखाद्या वर्षी थंडी पडतच नाही आणि मालक रोज रात्री थर्मामीटर बघत फेऱ्या मारतो.

मी तोडणीला गेले आहे. रात्री फोन येतो, "आज आहे." अंगावर असेल नसेल ते सगळं चढवायचं, डोक्याला दिवा बांधायचा. द्राक्षं गोट्यांसारखी टणक झालेली असतात, क्रेटमध्ये टाकली की टणटण वाजतात. हातमोजे काढले तर बोटं जातात, नाही काढले तर घड सुटत नाही. लगेच तिथेच दाबतात, कारण द्राक्षं वितळून चालत नाही. पाणी बर्फ होऊन आत राहतं आणि घट्ट साखरेचा रस तेवढा बाहेर येतो, तोही इतका सावकाश की बघत बसलं तर झोप येते. नेहमीच्या तोडणीत जेवढा रस निघाला असता त्याचा लहानसा हिस्सा हाती लागतो. छोट्या बाटलीची मोठी किंमत म्हणजे ही रात्र आणि बाकीच्या रात्रींची वाट.

बहुतेक आइसवाईन विडाल जातीची असते. ती संकरित जात आहे, साल जाड, म्हणून वेलीवर टिकते. इनिस्किलिन ही वायनरी कार्ल कायझर आणि डोनाल्ड झिराल्डो यांनी १९७५ मध्ये काढली. त्यांच्या १९८९ च्या विडाल आइसवाईनला १९९१ मध्ये बोर्दोच्या विनएक्स्पो या वाईनच्या मेळ्यात सर्वोच्च मान मिळाला, तेव्हा कुठे फ्रेंचांनी मान वर करून बघितलं. तरी युरोपीय संघाने ती विकायला परवानगी दिली २००१ मध्ये.

द्राक्षं तोडून फ्रीझरमध्ये गोठवून केलेल्या वाईनला कॅनडात आइसवाईन म्हणताच येत नाही. बाहेर, विशेषतः चीनकडे, नकली बाटल्यांचा सुळसुळाट झालेला आहे. तेव्हा काका, परतीच्या वाटेवर कुठल्या तरी तिसऱ्याच देशात स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका. तिथूनच घ्यायची.

ऐरोली ते केलोना:

कॅनडा म्हणजे फक्त नायगारा नव्हे, एवढंच सांगायला आलो. मूळचा ऐरोलीचा, सध्या ब्रिटिश कोलंबियात ओकानागनला.

इथली हवा वेगळीच. १३५ किलोमीटर लांब तळं, दोन्हीकडे उतारावर बागा, आणि दक्षिणेला ओसोयूसजवळ चक्क वाळवंटी पट्टा. पाणी द्यावं लागतं, रॅटलस्नेक फिरतात. त्यामुळे ताई ज्या मर्लोला नाक मुरडतात ती आमच्याकडे छान पिकते, सिराही (म्हणजे तुमची शिराझ) उत्तम. ओसोयूसलाच इन-का-मीप आहे, उत्तर अमेरिकेतली मूळ रहिवाशांच्या मालकीची पहिली वायनरी, २००२ ची.

पण काका, ओकानागनची २०२४ ची बाटली कोणी दिली तर जरा थांबा. त्या वर्षी जानेवारीत पारा उणे वीसच्याही बराच खाली गेला आणि जवळजवळ आख्खं पीक गेलं. कितीतरी ठिकाणी वेलीच मेल्या. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये वेस्ट केलोनाला वणवा लागलेला. शेवटी सरकारने त्या वर्षापुरती वॉशिंग्टन, ओरेगॉन, ओंटारियोकडून द्राक्षं आणून वाईन करायला वायनरींना मुभा दिली. वाईट असते असं नाही, लोकांनी जीव वाचवला. फक्त ती ओकानागनची नाही. बीसी व्हीक्यूए लिहिलेलं बघा.

आता उपलब्धतेची गंमत. तुम्हाला ठाण्यात मिळत नाही, ठीक. हॅमिल्टनच्या तुमच्या लेकीलाही आमची वाईन सहज मिळत नाही! प्रत्येक प्रांताचं दारूचं खातं वेगळं आणि एका प्रांतातून दुसऱ्यात न्यायला १९२८ च्या कायद्यापासूनची आडकाठी. न्यू ब्रन्सविकच्या जेरार्ड कोमो नावाच्या निवृत्त गृहस्थांनी २०१२ मध्ये शेजारच्या क्वेबेकमधून स्वस्त पडते म्हणून गाडीभर बियर आणली. पोलिसांनी धरलं, २९२.५० डॉलर दंड केला. गडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. वाईनवरची बंधनं २०१२ पासून थोडी सैल झालीत, पण प्रत्येक प्रांताचा सूर वेगळा.

निफाडचा भाचा:

हे तर गोव्याहून येताना इन्सुली नाक्यावर होतं तसंच. आम्ही समजत होतो आपणच मागास.

घोडबंदरी:

आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, आठवतं का? अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते बासनात गेलं.

खाडीपलीकडची:

ओंटारियोतही फार वर्षं किराणा दुकानात मिळत नव्हती. २०१५ च्या शेवटी काही सुपरमार्केटांना बियर विकायला परवानगी दिली, मग वाईन आली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. एक मात्र झालं. २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्पच्या आयात करांवर चिडून ओंटारियोने सगळी अमेरिकन दारू एलसीबीओतून उतरवली. कॅलिफोर्नियाच्या फळ्या रिकाम्या झाल्यावर घरच्यांचं नशीब फळफळलं. माझ्या जुन्या मालकीणबाई फोनवर इतक्या खूश मी कधी ऐकल्या नव्हत्या.

पाचपाखाडीकर:

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. गच्चीवर वाचून दाखवलं. ७० वर्षांचे मित्र "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले, त्यांना अर्धं तेवढंच ऐकू आलं.

आता कामाचं. हिला गोड आवडतं, मला नाही. चौघांना रिस्लिंग द्यायची म्हणजे एका बाटलीत काय होणार? नेमकी यादी करून द्या, लेकीला पुढे पाठवतो. आणि आइसवाईन श्रीखंडाबरोबर चालेल का, असं ही विचारतेय. जावईबापूंना फोनवर व्हीक्यूए म्हटलं तर ते म्हणाले, "आम्ही चिलीची घेतो, दहा डॉलरला पडते."

खाडीपलीकडची:

काका, जावईबापूंना काही बोलू नका, तिथे बहुतेकांचं हेच गणित असतं.

नियम असा: भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला माणशी २ लिटर दारू किंवा वाईन विनाशुल्क आणता येते. दोघांची मिळून ४ लिटर. माणशी ७५० च्या दोन आणि ३७५ ची एक, म्हणजे १८७५ मिली. दोघांत चार मोठ्या, दोन छोट्या. त्यावर हौस केली तर रीतसर कर भरा, कर भरायचा नसलेल्यांसाठीच्या हिरव्या वाटेने जायची हुशारी नको. सगळं चेक-इन सामानात, हाताच्या बॅगेत घरून आणलेली बाटली सुरक्षा तपासणीला काढून घेतात. वाईन २४ टक्क्यांच्या खाली असते, त्यामुळे विमानाच्या बाजूने अडचण नाही. बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग स्वेटरमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. स्वेटर तसाही ठाण्यात वापरायचा नसतो.

चार मोठ्यांत तीन रिस्लिंग आणि एक काबर्ने फ्रांक. रिस्लिंगवर 'ड्राय' लिहिलेलं बघायचं, नाहीतर गोडसर निघते. पंधरा ते वीस डॉलरला चांगली येते, फ्रांकला पाचेक डॉलर जास्त. लेकीला म्हणावं, एखाद्या शनिवारी एलसीबीओत न जाता गाडी काढून बीम्सव्हिल, विनलँड, जॉर्डन या गावांकडे जा. हॅमिल्टनहून फार तर पाऊण तास. चाखून घ्यायची. वायनरीत मिळणाऱ्या कितीतरी बाटल्या दुकानात येतच नाहीत. जावयाला बरोबर न्या, तो चिली विसरला नाही तरी दुपार बरी जाईल.

आइसवाईनच्या दोन: एक विडालची, एक जमली तर काबर्ने फ्रांकची. ती लालसर असते, दिसते सुंदर, किंमत जास्त. पन्नास-साठ डॉलर ३७५ च्या बाटलीला ही धरून चालायची गोष्ट. वहिनींची भुवई वर जात असेल तर २०० मिलीचीही मिळते.

श्रीखंडाबरोबर अजिबात नको. दोन्ही गोड, दोन्ही आंबट, वाईन पाण्यासारखी लागेल. पुरणपोळीबरोबरही नको. खारं काहीतरी हवं. खारे काजू, निळी बुरशी असलेलं चीज, नाहीतर वहिनींच्या हातची तिखट-मिठाची पुरी. एका वेळी लहानशा ग्लासात दोन-तीन घोट, चांगली गार. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते, साखर सांभाळून घेते. रिस्लिंगचं तसं नाही, ती उघडली की दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

आणि ठाण्याच्या हवेत वाईन कपाटात ठेवून मुरेल या भ्रमात राहू नका. डिसेंबरातली एप्रिलपर्यंत उरलीच, तर फ्रिजच्या खालच्या खणात आडवी ठेवा. दारात नको, तिथे दिवसभर हलते.